महिलांची व्यावसायिक आइस हॉकी लीग कशी उभी राहिली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग’ म्हणजे पीडब्ल्यूएचएल. उत्तर अमेरिकेतल्या या लीगबद्दल आपल्या लोकांना कुतूहल असतं, पण मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही. कॅनडात किंवा अमेरिकेत नव्याने राहायला गेलेले, तिथे शिकणाऱ्या मुलांचे आईवडील आणि महिलांच्या क्रिकेटमुळे एकूणच महिला क्रीडाक्षेत्राकडे वळलेले वाचक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. विषयच तसा आहे.

ही लीग नेमकी काय आहे?

महिलांच्या आइस हॉकीची, पूर्णवेळ पगार देणारी व्यावसायिक लीग. सुरुवातीला सहा संघ होते: टोरोंटो, माँट्रियल आणि ओटावा हे कॅनडातले, बॉस्टन, न्यूयॉर्क आणि मिनेसोटा हे अमेरिकेतले. २०२५-२६ च्या हंगामापासून व्हँकुव्हर आणि सिएटल हे दोन संघ त्यात आले. जगातल्या सर्वोत्तम महिला हॉकीपटूंपैकी बहुतेक जणी इथेच खेळतात. कॅनडा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संघांचा कणा तर इथलाच, शिवाय चेकिया, फिनलंड, स्वित्झर्लंड, स्वीडन अशा देशांतल्या खेळाडूही आहेत.

पहिला सामना कधी झाला?

१ जानेवारी २०२४ रोजी टोरोंटोत, न्यूयॉर्कविरुद्ध. सामना जिथे झाला ते मॅटमी अ‍ॅथलेटिक सेंटर म्हणजे जुनं ‘मेपल लीफ गार्डन्स’. कॅनडाच्या हॉकी रसिकांसाठी ती वास्तू म्हणजे देऊळच. पुरुषांचा टोरोंटो संघ तिथे अनेक दशकं खेळला. आता तिथे विद्यापीठाचं क्रीडा केंद्र आहे आणि खालच्या मजल्यावर किराणा मालाचं मोठं दुकान आहे. आसनं अडीच हजारांच्या आसपास, तिकिटं आधीच संपलेली. पहिल्या पिरियडमध्ये न्यूयॉर्कच्या एला शेल्टनने गोल केला आणि लीगच्या इतिहासातल्या पहिल्या गोलवर तिचं नाव लागलं. गोलरक्षक कॉरीन श्रोडरने २९ फटके अडवले, एकही आत जाऊ दिला नाही. न्यूयॉर्क ४-० जिंकलं. यजमान हरले तरी लोक जागचे हलले नाहीत.

म्हणजे याआधी महिलांची लीग नव्हतीच का?

होत्या, एकाच वेळी दोन-दोन होत्या. अडचण वेगळीच होती: त्या चालवायला ज्या खेळाडू लागत, त्यांचं पोट त्यांवर भरत नव्हतं.

‘कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग’ २००७ मध्ये सुरू झाली. तिथला खेळ उत्तम होता, ऑलिंपिक पदकविजेत्या तिथे खेळत. पण पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगार नव्हताच. २०१७-१८ पासून मानधन सुरू झालं, तेही वर्षाला दोन हजार ते दहा हजार डॉलर. दिवसा शाळेत शिकवायचं, अग्निशमन दलात किंवा कार्यालयात नोकरी करायची, रात्री उशिरा रिंक (बर्फाचं मैदान) रिकामा झाला की सराव, आणि शनिवार-रविवारी सामने. ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलेल्या बाईचा हा दिनक्रम होता.

अमेरिकेत २०१५ मध्ये ‘नॅशनल विमेन्स हॉकी लीग’ निघाली, चार संघांची. अमेरिकेत महिला हॉकीपटूंना पगार देणारी ही पहिली लीग. किमान पगार दहा हजार डॉलर आणि एका संघाच्या पगाराची मर्यादा २ लाख ७० हजार. दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पैसे पुरेनात म्हणून पगार निम्म्यावर आणायची वेळ आली. हंगाम अर्ध्यात असताना! खेळाडूंच्या मनातून विश्वास उडाला तो तिथे, आणि पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

मग २०१९ उजाडलं. २४ मार्चला टोरोंटोच्या कोका-कोला कॉलिझियममध्ये कॅनडाच्या लीगचा अंतिम सामना झाला. कॅल्गरीने माँट्रियलला ५-२ ने हरवून क्लार्कसन चषक उंचावला. जल्लोष झाला, छायाचित्रं निघाली. आठवडाभरात, ३१ मार्चला, खेळाडूंना कळवण्यात आलं की लीग बंद होत आहे. आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, एवढंच कारण. त्याच कॉलिझियममध्ये आज टोरोंटोचा पीडब्ल्यूएचएल संघ आपले घरचे सामने खेळतो.

एक लीग बंद पडली तर खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये का गेल्या नाहीत?

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

सोपा रस्ता तोच होता. अमेरिकेतली लीग चालू होती आणि त्यांना घ्यायला तयार होती. पण मे २०१९ मध्ये दोनशेहून अधिक खेळाडूंनी एकत्र निवेदन काढलं: जी लीग आम्हाला आरोग्य विमा देत नाही, जगण्यापुरता पगार देत नाही आणि उद्या चालू राहील याची खात्री देत नाही, अशा उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये आम्ही येत्या हंगामात खेळणार नाही. मेरी-फिलिप पूलिन, हिलरी नाइट, केंडल कॉइन स्कोफील्ड, ब्रिॲन जेनर, सारा नर्स अशी त्या वेळची सगळी मोठी नावं त्यात होती. त्यांनी स्वतःची संघटना काढली, पीडब्ल्यूएचपीए.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हॉकीपटूची उमेदीची वर्षं किती? फार तर दहा-बारा. त्यातली चार वर्षं या बायकांनी लीगविना काढली. शहरोशहरी प्रदर्शनीय सामने खेळल्या, त्या दौऱ्याला त्यांनी नाव दिलं ‘ड्रीम गॅप टूर’. मुलग्याला मोठा हॉकीपटू व्हायचं स्वप्न पाहता येतं, मुलीला येत नाही, त्या दोहोंतली दरी दाखवण्यासाठी. मधे करोना आला. ‘हट्टीपणा करताय’, ‘खेळाचं नुकसान करताय’ अशी टीकाही झाली. दुसऱ्या लीगमध्ये खेळत राहिलेल्या मैत्रिणींशी संबंध ताणले गेले. तरी बहुतेक जणी मागे हटल्या नाहीत.

मला विचाराल तर पीडब्ल्यूएचएलची खरी सुरुवात २०२४ ची नव्हे, मे २०१९ ची. गुंतवणूकदार नंतर आले, आधी खेळाडूंनी ‘नाही’ म्हटलं. आणि हे त्यांना आकाशातून सुचलं नव्हतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाने जागतिक स्पर्धेवर बहिष्कार टाकायची तयारी दाखवून आपल्या राष्ट्रीय महासंघाकडून चांगला करार मिळवला होता. एकजूट टिकली तर समोरचा वाटाघाटीला बसतो, हे त्यांनी अनुभवलेलं होतं.

मग पैसा कोणी घातला?

मार्क वॉल्टर यांच्या उद्योगसमूहाने. बेसबॉलच्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचे हेच मालक. त्यांच्या जोडीला टेनिसपटू बिली जीन किंग आणि इलाना क्लॉस. बिली जीन किंग यांचा सहभाग शोभेपुरता नाही. महिला टेनिसमध्ये समान बक्षिसासाठी त्या १९७० च्या दशकापासून लढल्या आणि हॉकीपटूंनी त्यांच्याकडेच सल्ला मागितला होता. डॉजर्सचे अध्यक्ष स्टॅन कॅस्टन यांनी उभारणीची सूत्रं हाती घेतली, तर हॉकीची बाजू जेना हेफर्ड यांच्याकडे आली. त्या कॅनडाच्या चार वेळच्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या, आणि खेळाडूंच्या संघटनेचं नेतृत्वही त्यांनीच केलं होतं.

लीगची रचना वेगळी आहे. एका संघाला एक मालक, असं नाही. सगळे संघ एकाच मालकीचे. त्यामुळे एखाद्या शहरातल्या धनिकाचा रस संपला आणि संघ बुडाला, ही भीती सुरुवातीच्या वर्षांत नाही. खर्चाला शिस्त राहते, सगळ्या संघांना सारख्या सोयी मिळतात. तोटाही उघड आहे: सगळा डोलारा एकाच खांबावर उभा. तो खांब भक्कम आहे म्हणून आज चिंता नाही, पण पुढेमागे स्वतंत्र मालक आणावे लागतील असं मला वाटतं.

दुसऱ्या लीगचं आणि तिथल्या खेळाडूंचं काय झालं?

अमेरिकेतल्या जुन्या लीगने २०२१ मध्ये नाव बदलून ‘प्रीमियर हॉकी फेडरेशन’ म्हणजे पीएचएफ असं केलं होतं. तिथे परिस्थिती सुधारतही होती. २०२३-२४ साठी त्यांनी संघाच्या पगाराची मर्यादा १५ लाख डॉलरपर्यंत वाढवली होती. जून २०२३ च्या अखेरीस वॉल्टर-किंग गटाने ती लीगच विकत घेतली आणि बंद केली. खेळाडूंनी पुढच्या हंगामासाठी केलेले करार रद्द झाले. थोडी भरपाई मिळाली, पण अनेकींच्या हातातला चांगला पगार एका रात्रीत गेला. बफेलो, कनेक्टिकट इथले संघ कायमचे गेले.

एकच लीग हवी होती हे खरं. प्रायोजक आणि वाहिन्या दोन भांडणाऱ्या लीगमध्ये पैसा घालायला तयार नव्हत्या. पण त्या एकीकरणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, ते बोललं पाहिजे. पीएचएफमधल्या बऱ्याच जणींना नव्या लीगमध्ये जागा मिळाली. पहिला सामना एकही गोल न देता जिंकणारी श्रोडर त्यांतलीच. सगळ्यांना मिळाली नाही.

करारात काय आहे? पगार किती?

इथे क्रम पाहण्यासारखा आहे. संघ ठरायच्या आधी, खेळाडूंची निवड व्हायच्या आधी, लीगला धड नाव मिळायच्याही आधी, जुलै २०२३ च्या सुरुवातीला खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करार मंजूर केला. तो ३१ जुलै २०३१ पर्यंत लागू आहे. खेळाडूंच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्यांत केंडल कॉइन स्कोफील्ड होती, आणि त्या वेळी ती गरोदर होती. करार मंजूर झाला त्याच दिवसांत तिला मुलगा झाला. सहा महिन्यांनी ती मिनेसोटाची कर्णधार म्हणून बर्फावर उतरली.

पगार अमेरिकी डॉलरमध्ये, पहिल्या हंगामाचे आकडे असे: किमान ३५ हजार. संघाची सरासरी ५५ हजार. प्रत्येक संघाने किमान सहा खेळाडूंना तीन वर्षांचा करार आणि वर्षाला ८० हजार किंवा त्याहून जास्त द्यायचे. किमान पगारावर नऊपेक्षा जास्त खेळाडू ठेवायच्या नाहीत. दरवर्षी तीन टक्के वाढ. शिवाय हंगामात घरभाड्यासाठी महिना १,५०० डॉलर, आरोग्य विमा, निवृत्तीची तरतूद, बाळंतपणाची रजा.

३५ हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २९ लाख रुपये. इथून ऐकायला मोठे वाटतात, पण बॉस्टन किंवा टोरोंटोत त्यात एकटीचं जेमतेम भागतं. एका संघात २३ खेळाडू धरल्या तर सगळ्या संघाचा मिळून पगार होतो पावणेतेरा लाखांच्याही आत. पुरुषांच्या ‘नॅशनल हॉकी लीग’मध्ये म्हणजे एनएचएलमध्ये त्याच हंगामात एका खेळाडूचा किमान पगारच ७ लाख ७५ हजार डॉलर होता. म्हणजे तिथल्या दोन नवख्यांच्या पगारात इथला आख्खा संघ येतो.

तरीही हा करार ऐतिहासिक का म्हणायचा? कारण आकड्यांखाली जमीन आहे. हंगामाच्या मध्यात पगार कापायची सोय आता कुणालाही नाही, २०३१ पर्यंत काय मिळणार ते कागदावर आहे, आणि दुखापत झाली तर उपचार स्वतःच्या खिशातून करायचे नाहीत. २०१९ च्या निवेदनात मागितलेल्या तिन्ही गोष्टी, विमा, जगण्यापुरता पगार आणि टिकाऊपणा, एकेक करून या करारात सापडतात.

जूनमध्ये खरेदी आणि जानेवारीत सामना? सहा महिन्यांत हे जमलं कसं?

धावतपळत. २९ ऑगस्टला सहा शहरं जाहीर झाली. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत प्रत्येक संघाने तीन-तीन खेळाडू करारबद्ध केल्या: माँट्रियलने पूलिन, बॉस्टनने नाइट, मिनेसोटाने कॉइन स्कोफील्ड, टोरोंटोने नर्स, ओटावाने जेनर, वगैरे. १८ सप्टेंबरला टोरोंटोत निवडीचा कार्यक्रम झाला. अडीचशेहून अधिक जणींनी नावं दिली होती, १५ फेऱ्यांत ९० निवडल्या गेल्या. पहिलं नाव बिली जीन किंग यांनी पुकारलं: टेलर हाइज, मिनेसोटा. मुलगी मिनेसोटाचीच, तिथल्याच विद्यापीठात खेळलेली. नोव्हेंबरमध्ये सराव शिबिरं, डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी सगळ्या संघांचे सराव सामने, आणि १ जानेवारीला शिट्टी वाजली.

रिंक मिळवणं सगळ्यात जिकिरीचं. पुरुषांच्या हंगामाच्या तारखा वर्षभर आधी लागलेल्या असतात. त्यामुळे न्यूयॉर्कचा संघ पहिल्या वर्षी बिचारा या रिंकवरून त्या रिंकवर फिरत राहिला आणि प्रेक्षकही त्यालाच सगळ्यात कमी मिळाले. ठरलेलं घर नसेल तर चाहता कुठे येणार? पुढच्या वर्षी त्यांनी न्यू जर्सीतल्या नेवार्कला बस्तान हलवलं.

पहिल्या वर्षी संघांना नावंच नव्हती, हे खरं का?

खरं आहे. नावांची नोंदणी करण्यासाठी अर्ज झाले होते, ते बाहेर फुटले, लोकांना ती नावं फारशी रुचली नाहीत, आणि ती बारगळली. मग सगळे संघ जर्सीवर तिरप्या अक्षरांत फक्त शहराचं किंवा राज्याचं नाव लावून खेळले. सप्टेंबर २०२४ मध्ये नावं आली: बॉस्टन फ्लीट, मिनेसोटा फ्रॉस्ट, माँट्रियल व्हिक्ट्वार, न्यूयॉर्क सायरन्स, ओटावा चार्ज, टोरोंटो सेप्टर्स. नाव नसलेल्या जर्सीही लोकांनी हौसेने घेतल्या.

खरंच लोक बघायला येतात का?

या प्रश्नामागची शंका कळते. आकडे देतो.

६ जानेवारी २०२४ ला मिनेसोटाच्या पहिल्या घरच्या सामन्याला १३,३१६ प्रेक्षक. १६ फेब्रुवारीला टोरोंटो-माँट्रियल सामना पुरुष संघाच्या मोठ्या रिंगणात हलवला, तिथे १९,२८५. २० एप्रिलला माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये हेच दोन संघ पुन्हा भिडले तेव्हा २१,१०५. महिला हॉकीच्या सामन्याला त्याआधी जगात कुठेही इतके लोक जमले नव्हते. पहिल्या हंगामाच्या ७२ साखळी सामन्यांना सरासरी साडेपाच हजारांच्या जवळ प्रेक्षक आले, दुसऱ्या हंगामात ती सरासरी सात हजारांवर गेली.

प्रेक्षागृहातलं चित्रही वेगळं असतं. लहान मुलींचे संघच्या संघ आपापल्या क्लबच्या जर्सी घालून येतात. सामन्याआधी खेळाडू काचेजवळून जातात तेव्हा त्या हातात फलक धरून उभ्या असतात. त्यांच्याशेजारी साठी-सत्तरीतल्या बायका दिसतात, ज्यांना लहानपणी मुलग्यांच्या संघात केस टोपीत लपवून खेळावं लागलं होतं. तिथे डोळे पाणावलेल्या आज्या बघितल्या की मला २०१९ चं ते निवेदन आठवतं.

पुरुषांच्या हॉकीपेक्षा नियम वेगळे आहेत का?

मूळ खेळ तोच. साठ मीटरहून थोडा लांब बर्फाचा रिंक, एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. पण नवी लीग असल्याचा फायदा घेऊन त्यांनी काही नियम धाडसाने बदलले.

पहिला, ‘जेलब्रेक’. हॉकीत चूक केली की खेळाडूला दोन मिनिटं बाहेर पेटीत बसावं लागतं आणि संघ एकीने कमी होतो. एरवी असा संघ फक्त बचाव करतो, पक (खेळातली रबराची चकती) लांब भिरकावतो आणि वेळ काढतो. इथे कमी खेळाडू असताना त्या संघाने गोल केला तर शिक्षा तिथेच संपते आणि पेटीतली खेळाडू मोकळी होते. त्यामुळे चार जणीही हल्ला चढवतात. कंटाळवाणी दोन मिनिटं सामन्यातली सगळ्यात रंगतदार दोन मिनिटं होऊन बसली.

गुणांची पद्धतही वेगळी. ठरलेल्या वेळेत जिंकलं तर तीन, जादा वेळेत जिंकलं तर दोन, जादा वेळेत हरलं तर एक. बरोबरी राखत जादा वेळेपर्यंत रेटायचं, ही चाल मग परवडत नाही.

बाद झालेल्या संघांनी मुद्दाम हरू नये यासाठीही युक्ती आहे. अनेक लीगमध्ये तळाच्या संघाला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळते, म्हणून हरण्यातच फायदा असतो. इथे उपांत्य फेरीची संधी हुकल्यानंतर जो संघ जास्त गुण कमावेल त्याला पहिली निवड. त्यामुळे शेवटच्या आठवड्यातही कुणी ढिलं सोडत नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारा: साखळीत पहिला आलेला संघ उपांत्य फेरीतला आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो, तिसरा किंवा चौथा. २०२४ मध्ये टोरोंटो पहिलं आलं. त्यांनी मिनेसोटाला निवडलं, कारण मिनेसोटा ओळीने पाच सामने हरून कसाबसा चौथा आला होता. टोरोंटोने पहिले दोन सामने जिंकलेही. मग लीगची सर्वाधिक गोल करणारी नॅटली स्पूनर जखमी झाली, मिनेसोटाने पुढचे तिन्ही सामने घेतले आणि टोरोंटो घरी गेलं. पुढच्या वर्षी माँट्रियल पहिलं आलं, त्यांनी ओटावाला निवडलं आणि तेही हरले. ‘तुम्हीच दुबळे म्हणून आम्ही तुम्हाला घेतलं’ असं तोंडावर सांगितलेला संघ किती त्वेषाने खेळतो, ते दोन्ही वर्षी दिसलं.

महिलांच्या हॉकीत धक्के मारायला बंदी असते ना?

आंतरराष्ट्रीय महिला हॉकीत अंगावर जाण्यावर बरीच वर्षं कडक बंधनं होती. पीडब्ल्यूएचएलमध्ये रिंकच्या कडेला, दोघीही पकसाठी झगडत असतील तर जोरदार धक्का चालतो. मोकळ्या बर्फावर, पकशी संबंध नसताना मारलेला चालत नाही. खेळाडूंनाच हे हवं होतं. पहिल्या आठवड्यापासून सामने दणकेबाज झाले आणि प्रेक्षकांना ते आवडले.

आतापर्यंत कोण जिंकलं?

लीगच्या विजेत्याला वॉल्टर चषक मिळतो. पहिले दोन्ही मिनेसोटाने नेले. २०२४ चा अंतिम सामना पाच सामन्यांच्या मालिकेत बॉस्टनशी झाला. चौथ्या सामन्यात, घरच्या मैदानावर, दुसऱ्या जादा पिरियडमध्ये मिनेसोटाने गोल केला. हेल्मेट आणि हातमोजे हवेत उडाले, खेळाडू एकमेकींवर कोसळल्या. पंचांनी चित्रफीत तपासली: गोलरक्षकाला अडथळा आला होता, गोल रद्द. सगळ्याजणींनी बर्फावरचे आपापले हातमोजे शोधून पुन्हा चढवले आणि दीड मिनिटाच्या आत बॉस्टनच्या अलिना म्युलरने गोल करून सामना नेला. असं झाल्यावर एखादा संघ मोडून पडला असता. तीन दिवसांनी मिनेसोटाने बॉस्टनच्या घरी जाऊन ३-० ने चषक जिंकला. बाद फेरीत सर्वोत्तम ठरली ती टेलर हाइज, पहिल्या निवडीची तीच मुलगी. २०२५ मध्ये त्यांनी ओटावाला ३-१ ने हरवलं आणि चारही सामने जादा वेळेत संपले.

ही लीग एनएचएलची आहे का?

नाही. एनएचएलचे संघ रिंक देतात, प्रसिद्धीला मदत करतात, पण मालकी पूर्ण वेगळी आहे.

व्हँकुव्हर आणि सिएटलच का निवडले?

दुसऱ्या हंगामात लीगने संघ नसलेल्या शहरांत नऊ सामने नेले, चाचपणीसाठी. ८ जानेवारी २०२५ ला व्हँकुव्हरमध्ये १९,०३८ लोक आले, सिएटलमध्येही साडेबारा हजारांवर. पश्चिम किनाऱ्यावर शेजारी-शेजारी दोन संघ असले की प्रवास सोपा आणि वैरही आपोआप तयार. व्हँकुव्हर गोल्डनआइज आणि सिएटल टॉरेंट ही त्यांची नावं. हिलरी नाइट बॉस्टन सोडून सिएटलला गेली, सारा नर्स टोरोंटोहून व्हँकुव्हरला. नवे संघ भरायला जुन्या संघांना आपल्या मोजक्याच खेळाडू राखता आल्या, बाकीच्यांवर नव्यांचा हक्क. चाहत्यांना ते फार लागलं. पण संघ वाढले की चाळीस-पन्नास जणींना आणखी पगारी जागा मिळतात, हा हिशेब मोठा आहे.

आपल्या डब्ल्यूपीएलशी तुलना करता येईल का?

दोन्ही वर्षभराच्या आत सुरू झाल्या, म्हणून प्रश्न साहजिक आहे. मार्च २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीग नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर सुरू झाली. पण दोघींचे रस्ते उलटे आहेत. आपल्याकडे क्रिकेट मंडळाने लीग काढली, पाच संघ ४,६६९.९९ कोटींना विकले गेले, प्रक्षेपणाचे हक्क ९५१ कोटींना गेले, आणि खेळाडूंचा लिलाव झाला. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. पैसा प्रचंड, पण खेळाडूंची संघटना नाही आणि सामूहिक करार नाही. तिकडे पैसा त्यामानाने बेताचा, पण अटी खेळाडूंनी टेबलावर बसून ठरवलेल्या. शिवाय डब्ल्यूपीएल काही आठवड्यांची, पीडब्ल्यूएचएल सहा महिने चालणारी नोकरी. आपल्या महिला खेळाडूंनी तिकडून एक गोष्ट घ्यायची असेल तर ती संघटनेची, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात महिला आइस हॉकी आहे का?

आहे, आणि मुख्यतः लडाखच्या मुलींच्या जिद्दीवर आहे. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये तैपेईत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय मिळवला. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची दिग्गज हेली विकनहायझर स्वतः लेहला आली, मुलींबरोबर खेळली, आणि त्याच वर्षी भारतीय संघाला तिने आपल्या कॅल्गरीच्या स्पर्धेत बोलावलं. २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात आपल्या संघाने कांस्यपदक जिंकलं.

व्यावसायिक लीग मात्र फार लांबची गोष्ट आहे. लडाखमध्ये नैसर्गिक बर्फ खेळण्याजोगा राहतो तो हिवाळ्यातले जेमतेम दोन महिने. देशात वर्षभर चालणारे मोठ्या मापाचे रिंक बोटावर मोजण्याइतके. कॅनडा-अमेरिकेत मुली पाचव्या-सहाव्या वर्षी बर्फावर उतरतात, शाळा आणि विद्यापीठांतून शिष्यवृत्तीवर खेळतात. तिथे लीग सहा महिन्यांत उभी राहिली, कारण तिच्यासाठी खेळाडू गेली तीस-चाळीस वर्षं तयार होत होत्या. आपल्याकडे आधी रिंक हवेत.

पहिल्यांदा सामना बघायला जायचं आहे. काय माहीत असावं?

टोरोंटोत असाल तर कोका-कोला कॉलिझियमला गो ट्रेनने जा, एक्झिबिशन स्टेशनवर उतरून चालतच पोहोचता येतं. आत थंडी असते, मुलांना स्वेटर आणि टोपी घाला. पुरुषांच्या सामन्यापेक्षा तिकिटं खूपच स्वस्त असतात, त्यामुळे सगळं घर मिळून जाता येतं.

पक पहिल्यांदा दिसतच नाही, अशी सगळ्यांचीच तक्रार असते. पकमागे धावू नका, खेळाडूंची तोंडं कुठे वळली आहेत ते बघा. एक खेळाडू सहसा सलग पाऊण मिनिटापेक्षा जास्त वेळ बर्फावर राहत नाही. खेळ चालू असतानाच पाच जणी कठड्यावरून उडी मारून बाहेर आणि दुसऱ्या पाच आत, ही अदलाबदल एकदा नजरेत बसली की सामना उलगडायला लागतो. गोलामागच्या कोपऱ्यातल्या खालच्या रांगा मिळाल्या तर घ्या. काचेवर दोघी आदळतात तो आवाज आणि गोलरक्षकाची सतत चालू असलेली ओरड टीव्हीवर ऐकू येत नाही. मात्र काचेच्या वरून पक अधूनमधून प्रेक्षकांत येतो. गोठवलेल्या कडक रबराची ती चकती दीडशे ग्रॅमच्या वर असते, तेव्हा खेळ चालू असताना मोबाइलमध्ये डोकं घालू नका. हाती आलेला पक घरी नेता येतो.